एस.वाय. सोडून जर्मनीला जावं का?

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याला बी.एस्सी. केमिस्ट्रीचं दुसरं वर्ष, एक विषय एटीकेटीत. एजंट म्हणतो साडेतीन लाख भर, कॉलेज सोड, दहा महिन्यांत जर्मनीत आउसबिल्डुंगला, म्हणजे तिथल्या भत्ता मिळणाऱ्या व्यवसाय प्रशिक्षणाला, लावतो. आणि घरात चर्चा अशी की डिग्री घेऊन गावातल्या किती पोरांना नोकरी लागली?

घरचे बोलतात ते खोटं नाही. नुसत्या बी.एस्सी.वर जळगावातही मोठा पगार नाही अन् जर्मनीतही नाही. पण परदेशात जायचं असेल तर डिग्रीचा उपयोग वेगळाच आहे. तिथला व्हिसाचा कायदा माणसाला मोजतो तो पूर्ण झालेल्या शिक्षणाच्या पायलीने. अर्धी पायली तिथे मोजत नाहीत. चार सेमिस्टर पास असशील आणि डिग्री नसेल, तर कागदावर तू बारावी पास. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण तो जर्मनीत पदवी म्हणून धरला जात नाही. त्याच्या भरवशावर राहू नको.

आउसबिल्डुंग वाईट नाही, हे आधीच सांगतो. दोन ते साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस सरकारी व्यवसाय शाळेत, वर भत्ता. २०२५ मध्ये करार करणाऱ्यांना पहिल्या वर्षाचा कायदेशीर किमान भत्ता महिना ६८२ युरो होता. नर्सिंगमध्ये यापेक्षा बराच जास्त मिळतो. भत्त्यावर खर्च भागत नसेल तर फरकाची रक्कम व्हिसासाठी स्वतः दाखवावी लागते, हे एजंट शेवटी सांगतात. तुझ्या विषयातलं 'केमीलाबोरांट', म्हणजे प्रयोगशाळा सहायकाचं प्रशिक्षण, साडेतीन वर्षांचं असतं. बी.एस्सी. झालेली मुलंही ते करतात. म्हणजे डिग्री आड येत नाही, मग सोडायची कशाला?

आता वेळेचा हिशेब कर. आउसबिल्डुंगच्या व्हिसाला साधारण बी-वन (सहा पातळ्यांतली तिसरी) पातळीचं जर्मन लागतं. तिथवर पोचायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, असा गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा शिकवणाऱ्या संस्थेचा अंदाज. दिवसाला तीन तासिका, आठवड्यातून सहा दिवस, असं एकही खाडा न करता शिकलास तरी ४५० तासिकांना २५ आठवडे. कॉलेज सांभाळून वर्ष धर. मग परीक्षा: वाचणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. अनेकांचा बोलण्याचा किंवा ऐकण्याचा भाग राहतो, कारण बऱ्याच क्लासमध्ये व्याकरण मराठीतून शिकवतात आणि जर्मन कानावरच पडत नाही. राहिलेला भाग पुन्हा देता येतो, पण पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात (गोएथेचं आपल्याकडचं नाव) जागा लवकर भरतात. थोडक्यात, भाषेला जेवढा वेळ जाणारच आहे तेवढ्यात तुझं टी.वाय. उरकतं.

समजा डिग्री न घेता गेलास आणि तिथे बिनसलं. बहुतेक करारांत एक ते चार महिन्यांचा प्रोबेशनचा काळ असतो, त्यात मालक नोटीस न देता करार मोडू शकतो. दुसरी जागा शोधायला कायदा सहा महिन्यांपर्यंत मुदत देतो. नाही मिळाली तर परतीचं विमान, आणि हातात बारावीची मार्कशीट. डिग्री असती तर दुसरी दारं उघडी असती.

त्यातलं एक दार म्हणजे १ जून २०२४ पासून सुरू झालेलं 'चान्सनकार्टे'. नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं, आठवड्याला २० तास काम करता येतं. आधीची अट: मान्य पदवी, किंवा किमान दोन वर्षांचं सरकारमान्य व्यवसाय शिक्षण. म्हणून आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन अर्ज करू शकतो, एक वर्षाचा वेल्डर नाही. त्यानंतर सहा गुण जमवायचे. तुझं गणित मांडून दाखवतो: वय ३५ च्या आत, २ गुण. जर्मन बी-वन, २ गुण. डिग्रीनंतर मागच्या पाच वर्षांत त्याच क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव, २ गुण. झाले सहा. अनुभव जळगाव एमआयडीसीतल्या एखाद्या क्वालिटी कंट्रोल लॅबमधला चालतो, पण नेमणूकपत्र, पगारपत्रक आणि पीएफची नोंद हवी. रोखीने पगार देणाऱ्याकडे चार वर्षं राबलास तरी गुण शून्य.

दुसरं दार एम.एस्सी.चं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे. इथे मात्र तुझ्या मार्कांचा भाव लागतो. त्यांचं सूत्र असं: १०० मधून तुझे टक्के वजा कर, त्याला १०० वजा पास होण्याचे टक्के याने भाग, तीनने गुण, एक मिळव. ६२ टक्के आणि पासिंग ४० असेल तर ३८ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १ म्हणजे २.९. बऱ्याच अभ्यासक्रमांची रेषा २.५ ला असते, म्हणजे ७० टक्के. (त्यांच्याकडे आकडा लहान तेवढा चांगला.) उरलेली सेमिस्टर म्हणूनच महत्त्वाची. शिवाय ते विषयवार क्रेडिट मोजतात, तेव्हा प्रत्येक सेमिस्टरचा सिलॅबस, प्रॅक्टिकलच्या तासांसह, कॉलेजच्या शिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेव. पाच वर्षांनी सिलॅबस बदललेला असतो आणि जुना कोणाकडे सापडत नाही.

पैसा: विद्यार्थी व्हिसाला ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख, आधी भरावे लागतात, तिथे गेल्यावर महिना ९९२ प्रमाणे तुलाच परत मिळतात. त्याआधी एपीएस प्रमाणपत्र (तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला), फी १८,००० रुपये. हे आकडे बदलत राहतात, भरण्याआधी दूतावासाच्या साइटवर बघ. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, त्यावर तारण लागतं. केळीचा मळा कितीही मोठा असला तरी बँक शेतजमीन सहसा घेत नाही, कारण थकबाकीत ती सरफेसी कायद्याने जप्त करता येत नाही. घर किंवा एन.ए. प्लॉट दाखवावा लागतो.

कागदांत आपल्याकडच्यांचा घोळ ठरलेला: नाव. मार्कशीटवर 'पाटील गणेश भास्कर' आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर 'गणेश भास्करराव' आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. जर्मन कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो, म्हणजे तुझ्या आईचं नाव तुझं आडनाव होतं. 'भास्कर' आणि 'भास्करराव' ही त्याच्या लेखी दोन माणसं. पासपोर्ट काढताना दहावीच्या प्रमाणपत्रावरची स्पेलिंग अक्षर न् अक्षर ठेव. चूक दहावीतच असेल तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज, आणि त्याला वेळ लागतो.

विद्यापीठाची मान्यता 'अनाबिन' या जर्मन यादीत तपास. कॉलेजचं नाव शोधू नको, डिग्री विद्यापीठ देतं. तुझ्या विद्यापीठाचं २०१८ मध्ये नाव बदललंय, म्हणून 'नॉर्थ महाराष्ट्र' आणि 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' दोन्हीने शोध.

राहिला एजंट. परदेशी नोकरभरती करणाऱ्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते आणि त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. साडेतीन लाख नेमके कशाचे, हे पावतीवर लिहून माग. करार दाखवला तर त्यात कंपनीचं नाव, व्यवसायाचं नाव, भत्ता आहे का बघ. कारखान्याच्या किंवा दुकानदारीच्या प्रशिक्षणाचा करार तिथल्या आयएचके (उद्योग-व्यापार) आणि कारागिरीचा एचडब्ल्यूके या चेंबरकडे नोंदलेला असतो. नोंद नसेल तर तो नुसता कागद आहे.

आधी एटीकेटीचा फॉर्म भर. लेट फी लागायच्या आत.