वय वाढलं की गाणं सुधारतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : भाऊ, मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी, चाळिशी पार झाली, गावच्या भजनी मंडळात गातो. मंडळातले पोट्टे म्हणतात का काका तुमचा गळा जसा बनायचा तसा बनला, आता काही फरक पडत नाही. मले एवढंच सांगा, मोठ्या गायकांत असे कोण हायेत जे एका दशकात बरे होते आन् पुढच्या दशकात खरंच भारी झाले? नुसते फेमस झालेले सांगू नका.

उत्तर : शेवटचं वाक्य टाकलं ते बरं केलं दादा, नाहीतर पानठेल्यावर हा विषय निघाला की गाडी लगेच कोणाले किती गाणी मिळाली न् किती बक्षिसं मिळाली तिकडंच जाते.

आपल्याच भागातून सुरू करू. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, जन्म १९२० चा. लहानपणी नागपूरला सप्रे गुरुजींकडं शिकले, पोरवयात 'कालियामर्दन' सिनेमात कृष्ण झाले, मग लाहोरला जाऊन शिकले, पुढं सुरेशबाबू माने, अमान अली खां, अंजनीबाई मालपेकर असे वेगवेगळ्या घराण्यांचे गुरू केले आणि हे सगळं चालू असताना पोटासाठी मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी, म्हणजे बाकीचे गवई मैफिली करत फिरत होते तेव्हा हा माणूस फायली लिहीत होता. १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक आलं, लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, आणि खांसाहेब म्हणून वसंतराव उभे राहिले तेव्हा वय ४७. आता कोणी म्हणेल ते आधीपासूनच भारी होते, लोकांना उशिरा कळलं. ते अर्धं खरं आहे. पण इतकी वर्षं इकडून तिकडून जमवलेलं सगळं एकाच गळ्यातून, तेही अभिनयासकट, प्रत्येक प्रयोगाला बाहेर काढायचं म्हणजे तालीम नव्यानं सुरू झाल्यासारखंच, आणि माझं मत विचाराल तर त्यानंतरचे वसंतराव आधीच्यापेक्षा जास्त मोकळे, जास्त बेधडक आहेत.

दुसरे किशोरकुमार. खंडव्याचे, म्हणजे परके नाहीतच, अकोल्याहून मीटरगेजची गाडी जायची ना तिकडं. १९४८ च्या 'जिद्दी' मधलं त्यांचं गाणं ऐका, सरळ सरळ कुंदनलाल सैगल, त्या काळचे मोठे गायक! चांगलं आहे, सुरात आहे, पण सैगल आहे. सचिनदेव बर्मन यांनी त्यांना नक्कल सोड, स्वतःचं गा असं बजावलं म्हणतात. १९५० च्या दशकात आवाज सुटला, यॉडलिंग म्हणजे ते 'यूडलेई' करत आवाज वरखाली उडवणं आलं, पण गाणं जास्त करून स्वतःसाठी नाहीतर देव आनंदसाठी. आणि मग १९६९ ची 'आराधना', तिथं त्याच गळ्यात खर्ज म्हणजे खालचे भारी सूर, लाडिकपणा, दम सगळं एकदम दिसतं. शास्त्रीय तालीम न घेतलेला माणूस, तरी वीस वर्षांत एवढा बदल.

शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांचं तर वेगळंच. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवायचे, लोक तोंडात बोटं घालायचे. मग टीबी झाला, मध्य प्रदेशातल्या देवासला जाऊन राहिले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं आणि काही वर्षं नुसतं पडून ऐकणं, माळव्यातल्या बाया दारावरून गात जायच्या ते ऐकणं. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचं औषध आलं म्हणून वाचले. १९५० नंतरच्या त्या वर्षांत परत गायला बसले तेव्हा एक फुप्फुस निकामी, लांब दमसास गेलेला, मग छोट्या छोट्या तुकड्यांत, मध्ये जागा सोडत गायला लागले आणि तेच त्यांचं गाणं झालं. लोकगीतांतून नवे राग काढले, निर्गुणी भजनं तर तुमच्या मंडळातही कोणी ना कोणी म्हणतच असेल. शरीरानं कमी झाला, गाण्यानं वाढला असा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळं ख्याल गाणाऱ्याला जीव मुठीत धरून सगळं घाईनं आटपावं लागायचं आणि माइकही तसेच होते. जुनं रेकॉर्डिंग बारीक वाटलं म्हणून गायक कच्चा होता असं लगेच ठरवू नका.

आता तुमचं. पोट्ट्यांशी वाद घालण्यापेक्षा मागच्या वर्षीच्या सप्त्याचं मोबाईलमधलं रेकॉर्डिंग काढा न् या वर्षीचं काढा, दोन्ही त्यांच्यासमोर वाजवा. आणि स्वतःलाच विचारा का कॅसेटमधल्या कोण्या बुवाची हुबेहूब नक्कल तर करत नाही ना आपण अजून, कारण वर सांगितलेल्या किशोरकुमार न् कुमार गंधर्व या दोघांचं गाडं सुरुवातीला तिथंच होतं.

प्रश्न : मी वरुडची शिक्षिका. तुमच्या म्हणण्याप्रमाणं दशकागणिक सुधारणा होत असेल तर पंचमदा, म्हणजे संगीतकार राहुलदेव बर्मन, १९८० च्या दशकात खाली का गेले?

उत्तर : ताई, खाली काम गेलं, संगीत नाही. 'मासूम' १९८३ चा, 'इजाजत' १९८७ चा, दोन्ही त्यांचेच, आणि 'इजाजत'मधल्या 'मेरा कुछ सामान'साठी आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पिक्चर पडले, डिस्को आला, निर्मात्यांनी पाठ फिरवली. '१९४२ अ लव्ह स्टोरी'ची गाणी लोकांनी डोक्यावर घेतली तेव्हा १९९४ उजाडलं होतं आणि ते जानेवारीतच गेले होते. तेव्हा मार्केट आणि माणूस वेगळे मोजायचे, एवढंच.

प्रश्न : वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकात गातो, पन्नाशी झाली. दिवाळीनंतरच्या सिझनमध्ये रात्र रात्र प्रयोग, वरचा सूर आता फाटतो. गाणं सोडू का?

उत्तर : सोडू नका, पट्टी म्हणजे ज्या सुरावर सा धरता तो उतरवा. पेटीच्या काळी दोनमध्ये गात असाल तर त्याखालची काळी एक घ्या, तिथंही त्रास होत असेल तर अजून खाली या, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. 'उमराव जान'च्या वेळी, १९८१ ला, संगीतकार खय्याम साहेबांनी आशाताईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावलं होतं, त्या आधी कां-कू करत होत्या, आणि त्याच गाण्यांनी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार दिला. आवाज खाली आला की त्यातला भरीवपणा ऐकू येतो, शब्दही नीट पोचतात, आणि रात्री तीन वाजता शेवटच्या अंकात तुम्हाला तेच तर पाहिजे. ऑर्गनवाला कुरकुर करेल, त्याची बोटं त्याच पट्टीत बसलेली असतात, तर दिवाळीआधीच त्याला घेऊन बसा, सगळी पदं नव्या पट्टीत एकदा वाजवून घ्या. आणि घसा खरोखर फाटत असेल, सकाळी बोलतानाही आवाज बसलेला राहत असेल, तर आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं जा, पट्टी नंतर.