दोष पावसाचा की कव्हरचा?

प्रश्न : आमच्याकडे काही महिने धो धो पाऊस आणि नंतर कडक ऊन असतं. गॅलरीच्या स्लॅबखालचे पोपडे पडून गंजक्या सळया दिसू लागल्यात. कंत्राटदार म्हणतात, अशा हवेत काँक्रीट टिकतच नाही. हे खरं आहे का?
– एक वाचक

उत्तर : नाही, आणि हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. हवा त्रास देते हे खरं, पण ती कशी आत शिरते हे माहीत असलं तर तिला अडवता येतं.

चांगल्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो. एवढ्या अल्कलीत सळईवर एक सूक्ष्म थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपून ही अल्कली संपवतो; यालाच कार्बोनेशन म्हणतात. भर पावसात काँक्रीटची छिद्रं पाण्याने भरलेली असतात, तेव्हा तो जवळजवळ शिरतच नाही. पाऊस ओसरला, हवेतली आर्द्रता ५० ते ७० टक्क्यांवर आली की त्याचा वेग सर्वांत जास्त. पुढच्या पावसाळ्यात गंजायला लागणारं पाणी आयतंच मिळतं. म्हणजे घात करतं ते भिजणं-सुकणं, नुसतं भिजणं नव्हे. उष्णतेने हे सगळं आणखी वेगाने होतं. समुद्र जवळ असेल तर क्षारही असेच साचत जातात.

मी अशा ठिकाणी काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे अल्कलीत रंग बदलणारं रसायन फवारतो. शाबूत भाग गडद गुलाबी होतो, अल्कली गेलेला भाग रंगहीनच राहतो. रंगहीन पट्टा सळईला भिडला असेल तर पोपड्याचं कारण तिथेच कळतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट ढकलून देतो.

आता कव्हरचं, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या जाडीचं. कार्बोनेशनची खोली साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ४० मिमीऐवजी २० मिमी कव्हर ठेवलं तर सळईपर्यंत पोचायला निम्मा नव्हे, पाव काळ पुरतो. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक न लावता सळया सेंट्रिंगवर (काँक्रीट ओतायच्या साच्यावर) टेकवणं किंवा उन्हात दोन दिवस पाणी मारून क्युअरिंग थांबवणं, याची किंमत पुढे अशी मोजावी लागते. क्युअरिंग अर्धवट राहिलं की सर्वांत सच्छिद्र होतो तो वरचाच थर, आणि सळईचं रक्षण त्याच्याकडेच असतं.

तुमच्या गॅलरीबद्दल एक गोष्ट लगेच सांगतो. ती भिंतीबाहेर नुसती अधांतरी असेल, तर भार पेलणाऱ्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या बाजूला असतात. खालचा गंज दिसतो, वरचा फरशीखाली झाकलेला राहतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वरची बाजू तपासून घ्या. गंजावर नुसतं प्लास्टर थापू देऊ नका. सळईच्या मागेपर्यंत खराब काँक्रीट काढून, सळई घासून, गरज असेल तिथे जोड सळई देऊनच दुरुस्ती करा. तोवर गॅलरीवर कुंड्या, टाकी ठेवू नका, वर किंवा खाली कुणाला उभंही राहू देऊ नका.