पणजीचे पर्रीकर राज्यसभेत उत्तर प्रदेशचे कसे?

प्रश्न : मनोहर पर्रीकर यांची सारी राजकीय कारकीर्द गोव्यात गेली, मग राज्यसभेच्या यादीत त्यांच्या नावापुढे उत्तर प्रदेश का लिहिलेले आढळते? ते लोकसभेवर कधी निवडून आले होते का? आणि २०१७ मध्ये खासदार असतानाच ते मुख्यमंत्री कसे झाले? – एक वाचक, फोंडा

उत्तर : लोकसभेवर ते कधीच निवडून आले नाहीत. १९९१ मध्ये उत्तर गोव्यातून त्यांनी ती निवडणूक लढवली आणि ते हरले. पुढे १९९४ मध्ये पणजीतून ते विधानसभेवर गेले आणि १९९९, २००२, २००७ व २०१२ या चारही निवडणुकांत पणजीकरांनी त्यांनाच निवडून दिले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडून त्यांनी केंद्रात संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला मंत्री होता येते, मात्र सहा महिन्यांत तिने निवडून यावे लागते. इथे गोव्याच्या लहानपणाची अडचण आली. गोव्याच्या वाट्याला लोकसभेच्या दोन आणि राज्यसभेची एकच जागा येते. राज्यसभेची ती जागा त्या वेळी काँग्रेसचे शांताराम नाईक यांच्याकडे होती, तर लोकसभेच्या दोन्ही जागांवर भाजपचेच खासदार नुकतेच निवडून आलेले होते. त्याच सुमारास उत्तर प्रदेशातील राज्यसभेच्या दहा जागा भरायच्या होत्या. तिथल्या ४०३ आमदारांच्या विधानसभेत एका जागेसाठी पहिल्या पसंतीची साधारण ३७ मते लागत, आणि एक उमेदवार निवडून आणण्याइतके आमदार भाजपजवळ होते. ती जागा पर्रीकरांना मिळाली आणि निवडणूक बिनविरोध झाली.

हे २००३ पूर्वी इतके सरळ झाले नसते. तेव्हा राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्यातला मतदार असावा लागे. त्या वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशातील कोणत्याही मतदारसंघात नाव असले तरी पुरेसे ठरू लागले. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या बदलाला आव्हान दिले होते, परंतु २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पर्रीकरांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही, आणि दोन-तीन खासदारांच्या राज्यातील माणसाला दिल्लीची वाट या दुरुस्तीमुळेच खुली झाली, हेही मान्य करायला हवे. तरीसुद्धा हा बदल मला सलतो. ज्या सभागृहाने राज्यांची बाजू मांडायची, तिथे उत्तर प्रदेशच्या नावाने बसलेल्या सदस्याचा त्या राज्याशी संबंध केवळ पक्षाच्या आमदारांपुरता उरतो.

आता २०१७ विषयी. त्या वर्षीच्या गोवा विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या, पण पर्रीकर परत येणार असतील तरच पाठिंबा, अशी अट सहयोगी पक्षांनी घातल्यामुळे १४ मार्चला त्यांचाच शपथविधी झाला. १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ मतांनी संमत झाला. त्या दिवशीचे सभागृह डोळ्यांसमोर आणून पाहावे : मुख्यमंत्री सभागृहात उपस्थित आहेत, त्यांना बोलण्याचा अधिकार आहे, पण आमदार नसल्यामुळे मत देता येत नाही, आणि हंगामी सभापतींच्या आसनावर बसले आहेत ते पणजीचे आमदार सिद्धार्थ कुंकळ्येकर, ज्यांनी पुढे याच मुख्यमंत्र्यांसाठी आपली जागा सोडली. ऑगस्टमधील पोटनिवडणुकीत पर्रीकर ४,८०३ मतांनी विजयी झाले.

एकाच वेळी संसद आणि विधानसभा अशा दोन्ही ठिकाणी सदस्य राहता येत नाही. विधानसभेचा निकाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्यापासून चौदा दिवसांत आमदारकी सोडली नाही, तर संसदेतील जागा आपोआप रिक्त होते. पर्रीकरांनी तशी वेळ येऊ न देता राज्यसभेचा राजीनामा दिला. उत्तर प्रदेशातील त्या रिकाम्या जागेवर जानेवारी २०१८ मध्ये हरदीपसिंग पुरी बिनविरोध निवडून आले; त्यांचा जन्म दिल्लीचा.