सीएनएच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी विद्यार्थ्यांची तयारी कशी करून घ्यावी?

अमेरिकेत सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचे (सीएनए, म्हणजे रुग्णांची रोजची काळजी घेणारे प्रमाणित मदतनीस) वर्ग घेताना, 'पाठ असूनही मुली परीक्षकासमोर का अडखळतात?' असे आपण विचारले आहे. माझ्या मते पायऱ्या तोंडपाठ असतात, पण त्या हातात बसलेल्या नसतात. संघराज्याच्या नियमानुसार प्रशिक्षण किमान ७५ तासांचे असते आणि त्यांपैकी किमान १६ तास देखरेखीखालील प्रात्यक्षिकाचे असतात. हा वेळ फारच थोडा आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक सरावाला घड्याळ लावावे.

हात धुण्यापासूनच सुरुवात करावी. साबणाचा फेस किमान २० सेकंद चोळणे, बोटांची टोके कोपरांपेक्षा खाली ठेवणे आणि नळ कोरड्या, स्वच्छ कागदी टॉवेलने बंद करणे या गोष्टी विद्यार्थ्यांना येतात. मात्र शेवटी ओले मनगट सिंकच्या कडेला टेकते आणि सगळी मेहनत वाया जाते. मी शेजारी उभी राहून फक्त मनगटाकडे पाहते.

अशक्त हाताच्या रुग्णाला कपडे घालताना अशक्त बाजू आधी, काढताना सशक्त बाजू आधी, हे समजण्यासाठी विद्यार्थिनीनेच एकदा पलंगावर झोपून आपला हात सैल सोडावा. नाडी मात्र पूर्ण एक मिनिट मोजायला लावावी. चूक लक्षात आल्यास परीक्षकाला सांगून ती पायरी पुन्हा करून दाखवता येते, याचाही सराव आवर्जून घ्यावा, कारण घाबरलेली मुलगी नेमकी तेव्हाच गप्प राहते.