चक्कर, फेरी, खेप : नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातला, सध्या नोकरीला पुण्यात. सुट्टीत गावाकडं गेलो की "शेतात एक चक्कर मारून येतो" असं म्हणायची सवय, तेच इथं ऑफिसात म्हणलो तर एक मॅडम म्हणाल्या चक्कर हिंदी आहे, मराठीत फेरी म्हणावं. खरंय का? आणि मग खेप, हेलपाटा हे सगळं एकच का?

उत्तर : मॅडमचं अर्धं बरोबर. आज आपण ज्या अर्थानं चक्कर वापरतो त्यावर हिंदीची छाप आहेच, आणि मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, शाळा-कचेरीत उर्दू, बाजारात दखनी, मग असले शब्द आपल्या तोंडी बसले यात नवल काय. पण मुळात तो संस्कृत चक्र, त्याच चक्राचं आपल्याकडं चाक झालं. म्हणजे परका पाहुणा नाही, चुलत्याच्या घरून आलेला आहे. बिनधास्त वापरा.

पण चक्करच्या जागी फेरी बसत नाही हो, हे मॅडमना सांगा. फेरीला ठरलेला रस्ता लागतो, बहुतेक वेळा ठरलेली वेळ. एसटीची फेरी असते, सकाळची फेरी रद्द झाली की कॉलेजची पोरं स्टँडवर बसून राहतात. प्रभातफेरी, फेरीवाला, सगळीकडं तेच. तुम्ही शेतात जाता ते काय टाइमटेबल लावून जाता? बांधावरून जायचं, तूर कशी आलीय बघायचं, मोटार चालू आहे का बघायचं, वाटेत कुणी भेटलं तर तंबाखू मळत अर्धा तास तिथंच. घरी कुणी विचारलं कुठं गेलता, तर "काही नाही, आलो जरा चक्कर मारून". हिशोब द्यावा लागत नाही तीच चक्कर. पाहुण्यांकडं सुद्धा म्हणतातच की, "लई दिवस झाले, चक्करच नाही तुमची इकडं". इथं फेरी घालून बघा, म्हाताऱ्या आत्याबाई हसतील.

खेप मात्र वेगळी, खेपेला ओझं पाहिजे. उसाची खेप, वाळूची खेप, विहिरीवरून डोक्यावर हंडे आणायचे तर बायका खेपाच मोजतात. ऊसतोडीच्या टोळीला विचारा, गाडी भरली, कारखान्यावर खाली झाली, की खेप झाली. आणि उन्हाळ्यात आपल्याकडं तर हा शब्द सरकारी कागदावर सुद्धा चढतो, टँकरच्या मंजूर खेपा किती आणि झालेल्या खेपा किती. गावात दोन खेपा मंजूर आणि टँकर एकदाच आला की त्या दिवशी सगळं गाव व्याकरणात पक्कं होतं, कुणी चुकून सुद्धा "टँकरनं चक्कर मारली" म्हणत नाही (म्हणलं तर टोमणा म्हणून, म्हणजे आला, दिसला आन् गेला). एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, जलदूत, पहिल्या वेळी १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. रेल्वेवाल्यांच्या हिशोबात ती फेरी, लातूरकरांच्या हिशोबात खेप. दोन्ही बरोबर. "या खेपेला जमलं नाही, पुढच्या खेपेला बघू" यात मात्र ओझं गेलं, नुसतं 'वेळ' उरलं.

हेलपाटा म्हणजे गेलं पण काम झालं नाही. हा शब्द ज्यानं केला त्यानं तहसील बघितलेलं असणार असं आपलं माझं मत! तलाठी साहेब मीटिंगला, सर्व्हर डाऊन, झेरॉक्स एक कमी, उद्या या. वडिलांच्या नावची जमीन आपल्या नावावर करायची तर नोंदीचं नावच मुळी फेरफार, त्यासाठी फेऱ्या घालायला लागणार हे नावातच सांगून ठेवलंय. असं दोन-तीनदा झालं की त्याला खेटे म्हणतात. चकरा पण म्हणतात, "चकरा मारून मारून चपला झिजल्या". गंमत बघा, एक चक्कर असते तोवर मौज, चकरा झाल्या की वैताग.

प्रश्न : चक्कर ती का ते? आमच्या घरात यावरून वाद झाला. (एक वाचक, औसा)

उत्तर : दोन्ही, पण जपून. फिरायची ती चक्कर, उन्हात डोकं गरगरतं ती पण चक्कर, मारली काय आणि आली काय, दोन्ही स्त्रीलिंगीच, अनेकवचन चकरा. ते चक्कर म्हणजे लफडं, प्रकरण, भानगड. आणि माणसालाच "चक्कर आहे तो" म्हणलं तर डोक्यानं जरा सटकलेला. त्यामुळं "त्याची त्या गल्लीत रोज चक्कर असते" म्हणलं तर दूध आणायला जात असेल बिचारा, पण "त्याचं त्या गल्लीत चक्कर आहे" म्हणलात की संध्याकाळपर्यंत त्याच्या बापाच्या कानावर गेलंच समजा, आणि तुम्ही नुसतं लिंग चुकला होता हे कुणी ऐकून घेणार नाही.