मेळाव्याआधी एक वही

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मुख्याध्यापकांनी करिअर मार्गदर्शनाची जबाबदारी तुझ्याकडे सोपवली आणि जानेवारीत पुण्याहून वक्ते बोलावून दहावी-बारावीच्या मुलांसाठी मोठा मेळावा घेण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून आनंद झाला. मेळावा अवश्य घे. परंतु सभागृह ठरवण्याआधी एक दोनशे पानी वही विकत घे. असे मेळावे मी वीसेक वर्षे भरवले. टाळ्या भरपूर मिळत, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळे, आणि जूनमध्ये तीच मुले पडलेल्या चेहऱ्यांनी माझ्यापुढे उभी राहत. कारण जे त्यांना आठवी-नववीत कळायला हवे होते, ते मी त्यांना निकालाच्या तोंडावर सांगत असे. आपल्याकडे शिक्षणाच्या प्रत्येक वाटेला मुदत असते. ती संपण्याआधी त्या मुलापर्यंत आणि त्याच्या घरापर्यंत पोहोचणे हे शाळेतल्या मार्गदर्शकाचे पहिले काम आहे, हे मला फार उशिरा उमगले.

आठवीपासूनच पाहा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच द्यावी लागते. उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम मुलाचे शिक्षण चालू ठेवण्यास पुरेशी ठरते, हे मी पाहिले आहे. नववीत ही माहिती कितीही रसाळपणे सांगितली, तरी तिचा काही उपयोग नाही. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून चालत आलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचेही तसेच आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) तयारी तेथे अकरावी-बारावीबरोबर करून घेतात, पण अर्ज दहावीत असतानाच भरायचा असतो. आता नाशिकला मुलींसाठीही अशी संस्था आहे, आणि २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींच्या तुकड्या दाखल होत आहेत. तुझ्या वर्गातल्या पहाटे धावायला जाणाऱ्या मुलींना हे कोणी सांगितले आहे का, याची आधी चौकशी कर.

कागदपत्रांविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण मेळाव्यातले वक्ते त्यावर कधीच बोलत नाहीत. माझा एक विद्यार्थी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, प्रवेश परीक्षेतही चांगला आला, आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती न आल्यामुळे राखीव जागेवरचा प्रवेश गमावून बसला. त्यात दोष माझाही होता. जातीचा दाखला असला की काम झाले, असे त्याच्या वडिलांना वाटत होते, आणि मी विचारले नव्हते. पडताळणीसाठी वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे लागतात: इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कोणत्या गावच्या शाळेत सापडेल, गावनमुन्यात, म्हणजे गावच्या महसुली नोंदवहीत, जुनी नोंद आहे का, हे शोधण्यात महिनेच्या महिने जातात. म्हणून अकरावीची पहिली घटक चाचणी होण्याआधी प्रत्येक मुलाची फाईल जात पडताळणी समितीकडे गेली पाहिजे, आणि शोधाशोध तर नववीच्या उन्हाळी सुट्टीतच सुरू झाली पाहिजे. नॉन-क्रिमिलेयर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास यांचीही नोंद ठेव. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयात गेले नाही, त्या मुलासाठी हे काम शाळेनेच करायचे असते.

आता वहीविषयी. प्रत्येक मुलाला एक पान दे आणि ते आठवीत उघड. घरचा व्यवसाय, मूल रिकाम्या वेळात आपण होऊन काय करते, कोणत्या परीक्षा दिल्या, कोणते कागद आहेत, एवढेच लिही. ‘तुला काय व्हायचे आहे?’ हा प्रश्न सुरुवातीला मुळीच विचारू नकोस. उत्तरे ठरलेली असतात: डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, कलेक्टर. मुलांना जेवढे व्यवसाय दिसतात, तेवढ्यांचीच नावे ती घेतात. त्याऐवजी गावात दिवसभर कोण कोण कोणते काम करते, याची यादी त्यांना करून आणायला सांग. पशुवैद्यकाचा सहायक, दूध संकलन केंद्रावरचा फॅट तपासणारा, भूमी अभिलेखचा भूकरमापक, प्रयोगशाळेत रक्त तपासणारी ताई, मोटर वाइंडिंग करणारा... मग यांतल्या कोणाला कोणते शिक्षण लागले, हे मुलांनीच त्यांना विचारून यावे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे. ते दिवस यासाठी वापर. एक दिवस तालुक्याच्या आयटीआयमध्ये मुलांना घेऊन जा आणि शक्य असेल तर त्यांच्या आईवडिलांनाही ने. नापासांची जागा म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या इमारतीतून दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा केलेला मुलगा अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तेथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, हे आपल्या स्टाफरूममध्येही फार थोड्यांना ठाऊक असते.

माझ्या एका चुकीमुळे मला वहीची गरज कळली. एक मुलगा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवून आला होता. दहावीला ८८ टक्के पडले, तेव्हा ‘एवढे गुण वाया घालवू नकोस’ असे सांगून मीच त्याला विज्ञान शाखेत पाठवले. सर जे. जे.सारख्या कला महाविद्यालयाच्या पदवीला बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते आणि त्यानंतर स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते, आणि माहीत करून घेण्याची गरजही मला वाटली नव्हती. दोन वर्षे तो भौतिकशास्त्राशी झगडला. आज त्याचे बरे चालले आहे, परंतु ती दोन वर्षे मी त्याच्याकडून घेतली.

चाचण्यांविषयी तू विचारले आहेस. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलमापन चाचणी सुरू केली तेव्हा मी उत्साहाने ती घेतली होती. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतील ओढ ती दाखवत असे. ओढ म्हणजे क्षमता नव्हे, हे मात्र घरी कोणी समजावले नाही. ‘आरोग्य’ असा कल आला, म्हणून एका गृहस्थांनी मुलीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला घालण्यासाठी जमिनीचा तुकडा विकायला काढला. २०२४ मध्ये त्या परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माण, प्रयोगशाळा तंत्रज्ञान हेही आरोग्याचेच क्षेत्र आहे, एवढे वाक्य त्या अहवालासोबत कोणीतरी बोलायला हवे होते. म्हणून चाचणी घ्यायची असेल तर घे, पण अहवाल मुलाच्या हातात नुसता देऊ नकोस. पालकांना बोलावून वहीतल्या त्याच्या पानाशेजारी ठेवून वाच. हजारो रुपये घेऊन बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारे शाळेत आले, तर त्यांना चहा देऊन परत पाठव.

अकरावीच्या विषयनिवडीच्या दिवशी तू स्वतः टेबलाशी बस. गणिताची भीती म्हणून ते सोडणाऱ्या मुलीला अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, वास्तुकला, वायुदलात वैमानिक होणे हे सारे त्या एका खुणेने दुरावते, आणि सही करताना ती बिचारी फक्त पुढच्या घटक चाचणीचा विचार करत असते. निर्णय तिचाच असू दे. काय सुटते आहे, ते मात्र तिला त्या क्षणी माहीत असले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आईशी बोल. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनेक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. पण घरात अडते ते बहुधा वसतिगृहावर, खानावळीच्या खर्चावर आणि शेवटच्या एसटीवर. वडील सभेत मान डोलावतात. खरी अडचण आई स्वयंपाकघरात सांगते. पालकसभा शनिवारी दुपारी न ठेवता बाजाराच्या दिवशी ठेवलीस, तर अधिक माणसे येतील.

तुमच्या संस्थेच्या वरिष्ठ महाविद्यालयाबद्दल फारसे लिहीत नाही, तो तुझा प्रांत नाही. तिथल्या सहकाऱ्यांना एवढेच सुचव की प्लेसमेंट सेल तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जागा होऊन काही साधत नाही. पहिल्या वर्षाच्या कला शाखेच्या मुलांना शिकाऊ उमेदवारीची माहिती द्यावी, आणि स्पर्धा परीक्षेला जाणाऱ्याने किती प्रयत्नांनंतर थांबायचे, हे सदाशिव पेठेत खोली घेण्याआधी कागदावर लिहून ठेवावे.

मेळाव्याला वक्ते बोलावशील तेव्हा आपलेच माजी विद्यार्थी बोलाव, आणि त्यांत अभियांत्रिकी अर्धवट सोडून आलेला एक तरी असू दे. त्याला मुले जेवढे प्रश्न विचारतात, तेवढे पहिल्या आलेल्याला विचारत नाहीत.

सध्या तुझ्या आठवीत किती मुले आहेत आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे अर्ज किती जणांनी भरले, हे उलट टपाली कळव. मुदत उरली असेल, तर मेळाव्याचे काम आठवडाभर बाजूला ठेव आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात कोणाला पाठवता येईल ते पाहा. दिवाळीनंतर मी तुमच्याकडे येणारच आहे. तेव्हा वही दाखव.

कळावे.

तुझे
जुने सर