चाळीस रूल लावूनही महत्त्वाचा मेल हुकतो, आता अजून कोणता रूल लावू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसच्या आउटलुकवर रोज दीडशेच्या आसपास मेल येतात, तुम्ही चाळीस रूल (आलेला मेल आपोआप फोल्डरमध्ये वगैरे टाकणारे नियम) आणि तीसेक फोल्डर केलेत, तरी परवा एका क्लायंटचा मेल कुठल्यातरी फोल्डरमध्ये दोन दिवस न वाचता पडून राहिला. तर आता आणखी कोणते रूल लावावेत?

एकही नको. आहेत त्यातले तीसेक उडवा.

हे मी अनुभवाने सांगतोय, कारण माझे एकेकाळी बावन्न होते. त्यातला एक तर मला अजून आठवतो. आमच्या टेस्टिंगच्या सिस्टिमकडून दिवसाला साठ-सत्तर मेल यायचे. म्हटलं, सब्जेक्टमध्ये ‘टेस्ट’ असेल तर सरळ टेस्टिंगच्या फोल्डरमध्ये टाकू. पाच मिनिटांचं काम, इनबॉक्स एकदम लख्ख. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी मॅडमचा फोन: “अरे, मेल बघितलास का?” कुठला मेल? इनबॉक्समध्ये नाही, जंकमध्ये नाही, डिलीट केलेल्यांत नाही. शेवटी नाव टाकून शोधला तर टेस्टिंगच्या फोल्डरमध्ये, सॉफ्टवेअरच्या फेल झालेल्या दोन बिल्डच्या मेलांमधे बसलेला. सब्जेक्ट होता ‘लेटेस्ट कोटेशन, चारच्या आत बघून सांग’. तेव्हा साडेपाच वाजले होते.

‘लेटेस्ट’च्या पोटात ‘टेस्ट’ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इंग्रजी स्पेलिंगमध्येही ते तसंच बसतं. आउटलुकचा रूल शब्द वाचत नाही, अक्षरं जुळतात का तेवढंच पाहतो. जीमेलची तऱ्हा उलटी. तिथे शब्दाचा तुकडा दिला तर फिल्टर (तिथे रूलला हेच म्हणतात) सहसा जुळतच नाही, आणि चौकोनी कंस, अँड किंवा हॅशसारखी चिन्हं तर ते धरतही नाही. त्यामुळे सब्जेक्टच्या सुरुवातीला कंसात प्रोजेक्टचं नाव लिहायची शिस्त टीमने लावून घेतली, तरी जीमेलला त्या कंसाचं काही नसतं.

मेल सर्व्हरवर असे नियम लिहायची एक प्रमाणित भाषा आहे, तिचं नाव सिव्ह. म्हणजे चाळणी. २००८ साली आरएफसी ५२२८ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात ती नव्याने मांडली, आणि तिच्यात लूप मुद्दाम दिलेलेच नाहीत, म्हणजे कुणाचा चुकीचा नियम सर्व्हरला गरगर फिरवत बसणार नाही. नाव मला फार चपखल वाटतं. चाळणीला दाण्याचा आकार कळतो, तो कशासाठी हवाय हे कळत नाही. मेल आला त्या क्षणी पाठवणारा कोण, कुणाकुणाला पाठवलाय, सब्जेक्टमध्ये काय लिहिलंय, अशा त्या मेलमध्येच असलेल्या गोष्टींवर रूलला निकाल द्यायचा असतो. या मेलला मी उत्तर दिलं की नाही, हा विषय काल मीटिंगमध्ये तापला होता का, सहा महिन्यांपूर्वीच्या ‘आरई: आरई:’वाल्या जुन्या मेलवरच कुणीतरी आज नवीन विषय काढलाय का, यातलं त्याला काहीही दिसत नाही. (हे शेवटचं सगळ्यांना बंद करायला सांगून पाहिलं. तीन आठवडे टिकलं.)

म्हणून माझा निकष आता एकच आहे. मशीनने पाठवलेला मेल रूलने हलवायचा, माणसाने पाठवलेला कधीही हलवायचा नाही. सिस्टिमचे अलर्ट, रोजचे आपोआप निघणारे रिपोर्ट, कॅलेंडरची होकार-नकाराची उत्तरं, मेलिंग लिस्ट, ही सगळी खुशाल जाऊ द्या. तिथेही सब्जेक्टवर भिस्त ठेवू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता धरा, आणि लिस्ट असेल तर हेडरमधली (मेलसोबत येणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक माहितीतली) ‘लिस्ट-आयडी’ची ओळ धरा. लोक सब्जेक्ट बदलतात, ती ओळ कुणी हाताने बदलत नाही. क्लासिक आउटलुकमध्ये (म्हणजे विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये) ‘मेसेज हेडरमध्ये अमुक शब्द असतील तर’ अशी अट मिळते, ती यासाठीच वापरा.

माणसांचे मेल जागेवर ठेवून फक्त रंगवायचे. मी नुसता सीसीत असेन तर राखाडी कॅटेगरी, टूमध्ये माझं नाव असेल तर काहीच नाही. इथे एक फसगत होते. ग्रुपच्या पत्त्यावर आलेल्या मेलमध्ये टूमध्ये ग्रुपचं नाव असतं, तुमचं नसतं. बीसीसी असेल तर तुमचं नाव कुठेच नसतं. ‘माझं नाव नसेल तर हलवा’ असा रूल असेल, तर असे मेल बिनबोभाट गायब होतात. तुमच्या क्लायंटचा मेल टीमच्या ग्रुपवर आला होता का, ते बघा. माझा पहिला संशय तिथेच आहे.

अपवादाची पायरी लोक नेक्स्ट दाबून पुढे ढकलतात. मीही तेच करायचो. पण हलवणाऱ्या प्रत्येक रूलला ‘माझं नाव टूमध्ये असेल तर सोडून’ आणि ‘अमुक दोघांकडून आला असेल तर सोडून’ हे दोन अपवाद लावले, तर निम्मे अपघात टळतात. अटींचं गणितही नीट समजून घ्या. एकाच अटीत चार नावं टाकली तर त्यातलं कुठलंही एक चालतं, पण दोन वेगवेगळ्या अटी लावल्या तर दोन्ही जुळाव्या लागतात. ‘हे किंवा ते’ हवं असेल तर दोन रूलच करावे लागतात.

क्रमाचंही तसंच. रूल वरून खाली चालतात, आणि ‘स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स’वर टिक नसेल तर एकाच मेलवर दोन-तीन रूल चालून जातात, कधीकधी दोन फोल्डरमध्ये दोन प्रती दिसतात. जीमेलमध्ये तर क्रम नावाचा प्रकारच नाही, जुळतील ते सगळे फिल्टर लागू होतात.

काही रूलच्या नावापुढे ‘क्लायंट-ओन्ली’ असं दिसतं. तो क्लायंट म्हणजे तुमचं गिऱ्हाईक नव्हे, तुमच्या मशीनवरचं आउटलुक. आवाज वाजवणे, प्रिंट काढणे, मशीनवरच्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकचे मेल साठवायच्या फाइलमध्ये) टाकणे, असं काही रूलमध्ये असेल तर तो आउटलुक चालू असतानाच चालतो. लॅपटॉप बंद करून सुट्टीवर गेलात, की फोनवर सगळा राडा जसाच्या तसा. याच्या उलट दुखणं म्हणजे सर्व्हरवर चालणारा रूल मेल परस्पर फोल्डरमध्ये टाकतो आणि फोनवर नोटिफिकेशनच येत नाही, कारण बरीचशी अ‍ॅप फक्त इनबॉक्सचीच वर्दी देतात.

मर्यादा आकड्यांतही आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमध्ये एका मेलबॉक्सचे सगळे रूल मिळून २५६ केबीत बसवावे लागतात, जीमेलमध्ये १,००० फिल्टर. चाळिसात तुम्ही तिथे बहुधा पोचणार नाही. पोचलात, तर लांबलचक पत्त्यांच्या याद्या एकत्र करा.

‘आठ दिवसांनी हलव’ असलं वेळेचं काम नेहमीच्या रूलला जमत नाही. वेब आउटलुकमधलं ‘स्वीप’ मात्र दहा दिवसांपेक्षा जुने मेल काढतं, किंवा एका पाठवणाऱ्याचा सगळ्यात नवा ठेवून बाकीचे उडवतं. रोजच्या रिपोर्टसाठी मी तेच वापरतो. आणि प्रोजेक्टनुसार मेल बघायचे असतील तर फोल्डरऐवजी क्लासिक आउटलुकमधला सर्च फोल्डर करा. त्यात मेल जागचा हलत नाही, नुसता गोळा होऊन दिसतो. अट चुकली तरी नुकसान नाही.

कुठल्या रूलने मेल हलवला हे आउटलुक सांगत नाही, म्हणून उरतील त्या रूलना ज्या फोल्डरमध्ये टाकतात त्याचंच नाव द्या. आणि एकदम डिलीट करू नका. नुसती टिक काढा, दोन आठवडे बघा, ज्याची आठवणही झाली नाही तो मग काढून टाका. क्लायंटचा मेल ज्या फोल्डरमध्ये सापडला, त्या फोल्डरमध्ये टाकणाऱ्या रूलची टिक मात्र आजच काढा.